कंसातला आकडा

१९९१ सालातली एखादी दुपार. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या अणुसंशोधन केंद्रात एका शास्त्रज्ञाला दुसऱ्या इमारतीतल्या सहकाऱ्याचा फोन नंबर हवा आहे. टेबलावर टर्मिनल आहे. काळा पडदा, उजळ अक्षरं, पुढ्यात कीबोर्ड. माऊस नाही. तो एक आज्ञा टंकतो आणि पडद्यावर ओळींमागून ओळी उमटत जातात. मजकूर साधाच, पण मधूनच एखाद्या शब्दापुढे चौकोनी कंसात आकडा येतो. [१], मग [२], मग [३]. पान संपलं की तळाशी एक ओळ उत्तराची वाट पाहत थांबते: एक ते सातपैकी आकडा द्या, वर जा, बाहेर पडा, नाहीतर मदत मागा. समजा, फोनबुकाला आकडा लागलाय ३. शास्त्रज्ञ ३ दाबतो, एंटर मारतो, आडनाव टंकतो. नंबर मिळतो. टर्मिनलकडे पाठ फिरवून तो फोन उचलतो.

आपण नुकतेच 'वेबवर जाऊन आलो' हे त्याच्या गावीही नसतं.

ही आकड्यांची व्यवस्था कुणी हौसेनं केलेली नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस वेबचा पहिला ब्राउझर लिहिला, तो नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर. त्यात खिडक्या होत्या, माऊस होता, लिंकवर दोनदा क्लिक केलं की नवं पान उघडायचं, शिवाय तिथल्या तिथे पान लिहिताही यायचं. अडचण एवढीच की असा नेक्स्ट संगणक सर्नमध्ये फारच थोड्यांकडे होता. बाकी सगळीकडे आयबीएमचे मेनफ्रेम, डेक कंपनीचे व्हॅक्स, नाना जातींचे युनिक्स आणि त्यांना जोडलेली तितक्याच नाना जातींची टर्मिनलं. अख्ख्या गावात एकाच घरी टेलिफोन असला तर त्या घरानं फोन करायचा कुणाला?

इथे निकोला पेलो यांचं नाव येतं. लेस्टर पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकणाऱ्या पेलो शिक्षणाचाच भाग म्हणून नोव्हेंबर १९९० मध्ये सर्नला आल्या आणि त्यांच्याकडे काम आलं ते कुठेही चालेल असा ब्राउझर लिहिण्याचं. त्याचं नाव 'लाइन मोड ब्राउझर'. त्याचा नियम कडक होता: समोरच्या यंत्राबद्दल काहीही गृहीत धरायचं नाही. रंग असेल असं नाही. अक्षराखाली रेघ मारता येईल असं नाही. बाणाच्या कळा असतीलच असं नाही. एकदा उमटलेल्या ओळीवर कर्सर परत वर नेता येईल, हेसुद्धा धरून चालायचं नाही, कारण पलीकडे कागदाच्या गुंडाळीवर खडखड छापणारा टेलिप्रिंटरसुद्धा असू शकतो. छापलेलं पुसता येत नाही. तेव्हा 'ही निवडलेली लिंक' म्हणून एखादा शब्द उजळवणं, मग तो विझवून पुढचा उजळवणं, हे सगळं बाद. उरला एकच मार्ग. प्रत्येक लिंकला नाव द्यायचं आणि वाचणाऱ्यानं ते नाव टंकायचं. सगळ्यांत स्वस्त नाव म्हणजे आकडा. दवाखान्यात टोकन देतात तसा.

पेलोंच्या या ब्राउझरात आणखी एक सोय होती आणि ती आजही कुणी उचलावी इतकी चांगली आहे. 'नेक्स्ट' टंकलं की आपण ज्या पानावरून इथे आलो त्या पानावरची पुढची लिंक थेट उघडायची. 'प्रीव्हियस' म्हटलं की आधीची. वीस लेखांची यादी असेल तर आत जा, बाहेर या, पुन्हा आत जा ही येरझार नाही; पुस्तकाचं पान उलटावं तसं यादीतून सरळ चालत जायचं. बर्नर्स-ली यांच्या मूळ नेक्स्ट ब्राउझरातही ही सोय होती. पुढे मोठे ब्राउझर आले आणि ती गळून पडली. का, याचं समाधानकारक कारण दिसत नाही. बहुधा माऊस हातात आला आणि येरझार कुणाला जाणवेनाशी झाली.

सर्नच्या फोनबुकाचा सर्व्हर बर्नड पोलरमन यांनी मेनफ्रेमवर चढवला होता आणि अनेकांसाठी वेब म्हणजे फोनबुक बघायचा एक मार्ग, एवढीच त्याची ओळख होती. बाहेरच्यांसाठी आणखी एक दार उघडं होतं. जगातल्या कुणीही टेलनेटनं सर्नच्या संगणकाशी जोडून घ्यावं आणि स्वतःकडे काहीही न बसवता हाच ब्राउझर तिथल्या तिथे चालवून पाहावा. वेबचा इतिहास सांगताना सगळे १९९३ च्या 'मोझॅक' ब्राउझरपासून, त्यातल्या चित्रांपासून सुरुवात करतात. तो हिशेब पुरा नाही. नेक्स्टच्या मूठभर मालकांपलीकडच्या जगानं वेबची पहिली झलक पाहिली ती बव्हंशी कंसातल्या आकड्यांतून.

कीबोर्डवरून लिंकपर्यंत कसं पोचायचं हा प्रश्न मात्र वेबहून जुना. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट यांनी जे गाजलेलं प्रात्यक्षिक केलं त्यात त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस होता, हे सगळ्यांना ठाऊक असतं. डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचं एक छोटं यंत्र होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. हार्मोनियमवर एकदम दोन-तीन पट्ट्या दाबाव्यात तशा त्या दाबल्या की एकेक अक्षर उमटायचं. एक हात दाखवायला, दुसरा सांगायला. माऊस जगभर गेला. पाच पट्ट्या एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेच्या वर्तुळातच राहिल्या.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हायपरटाइज' नावाची प्रणाली बांधली. मजकुरातलेच शब्द उजळ दाखवायचे आणि ते निवडले की त्या विषयाचं पान उघडायचं. आज आपण जिला लिंक म्हणतो तिचं हे रूप. तो शब्द निवडायचा कसा? त्यांनी बाणाच्या कळांना उडी मारायला शिकवलं. साधा बाण कर्सरला एक-एक अक्षर सरकवतो. इथला बाण थेट त्या दिशेच्या पुढच्या उजळ शब्दावर जाऊन बसायचा. माऊस बरा की हे उडीचे बाण, याचा प्रयोगही त्यांच्या गटानं केला आणि १९८६ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. त्या प्रणालीवर बाण जलद ठरले आणि भाग घेणाऱ्यांना आवडलेही तेच. अर्थात पानं लहान होती आणि त्यावर लिंका मोजक्या. शंभर लिंकांच्या पानावर बाणांची काय गत झाली असती हा वेगळा विषय आहे आणि तो लवकरच येणार होता.

तो आला कॅन्ससमध्ये. कॅन्सस विद्यापीठाला आवारातली माहिती सर्वांपर्यंत पोचवायची होती. परीक्षांच्या तारखा, ग्रंथालयाच्या वेळा, असलंच सगळं. लू मॉन्टुली, मायकेल ग्रोब आणि चार्ल्स रेझॅक यांनी १९९२ मध्ये त्यासाठी एक ब्राउझर लिहिला. सुरुवातीला तो वेबसाठी नव्हताच. विद्यापीठाची पानं आणि मिनेसोटाहून आलेल्या 'गोफर' या माहिती-प्रणालीचे मेन्यू एवढंच त्याचं जग. १९९३ मध्ये मॉन्टुली यांनी त्याला वेबची भाषा शिकवली. नाव 'लिंक्स'. इंग्रजीत ते वाय आणि एक्स घालून लिहितात, म्हणजे कान टोकदार असलेलं आखूड शेपटीचं रानमांजर. उच्चार मात्र 'लिंक'च्या अनेकवचनासारखा. देवनागरीत ही कोटी आपोआप होते, कारण दोन्ही शब्द लिहिण्याची दुसरी तऱ्हाच नाही.

लिंक्सनं पेलोंच्या नियमांतला एक नियम सैल केला. समोर कागदाची गुंडाळी नाही, पडदाच आहे, एवढं त्यानं गृहीत धरलं. डेकच्या व्हीटी-१०० या १९७८ च्या टर्मिनलनं कर्सर हवा तिथे नेण्याची सोय घरोघरी नाही तरी प्रयोगशाळोप्रयोगशाळी पोचवली होती आणि पुढची असंख्य टर्मिनलं त्याचीच नक्कल करत होती. पडद्यावर २४ ओळी, ओळीत ८० रकाने. या चौकटीत लिंक्सचं पान असं दिसतं: लिंका ठळक अक्षरांत, आणि त्यातली एकच, सध्या निवडलेली, उलट्या रंगात, म्हणजे उजळ पट्टीवर काळी अक्षरं. खाली वापराच्या दोन ओळी कायम छापलेल्या. वर-खाली बाणांनी हला, उजव्या बाणानं लिंक उघडा, डाव्यानं परत या.

चारच कळा, पण त्यांची वाटणी मोठी विचारानं केलेली आहे. उभी हालचाल म्हणजे निवड, आडवी हालचाल म्हणजे प्रवास. खाली दाबलं की पट्टी पुढच्या लिंकवर बसते. उजवीकडे दाबलं की आपण आत जातो. डावीकडे दाबलं की जिथून आलो तिथे, त्याच लिंकवर, परत. पान पुढे सरकवायला स्पेसबार. उजव्या हाताची तीन बोटं बाणांवर, डाव्याचा अंगठा स्पेसवर, आणि मान खाली घालून कीबोर्डकडे बघण्याची गरज नाही. पहिल्या पाच मिनिटांत हे हातात बसतं. जी लिंक पट्टीखाली आहे तीच उघडणार, इतकी स्वच्छ खात्री नंतरच्या कित्येक देखण्या ब्राउझरांनी दिलेली नाही.

यात मोडेमचाही वाटा होता. २४ गुणिले ८०, म्हणजे भरलेला पडदा १,९२० अक्षरांचा. २,४०० बिटांच्या मोडेमवरून सेकंदाला जेमतेम २४० अक्षरं येतात. म्हणजे पूर्ण पडदा पुन्हा रंगवायला आठ सेकंद. प्रत्येक बाणाला आठ सेकंद थांबावं लागलं असतं तर लिंक्स कुणी वापरलाच नसता. पण पट्टी हलताना बदलतात फक्त दोन जागा, जुनी लिंक विझते आणि नवी उजळते. तेवढीच अक्षरं तारेवरून पाठवायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही, ही काटकसर बर्कलीत जन्मलेल्या 'कर्सेस' नावाच्या प्रोग्रॅम-संचानं शक्य केली होती. त्यामुळे आठ सेकंदांचं काम अर्ध्या सेकंदात व्हायचं.

उलट दिशेनं मात्र बाणाची कळ स्वतःच घोटाळा करायची. व्हीटी-१०० वरचा बाण एक अक्षर पाठवत नाही, तीन पाठवतो: एस्केप, मग चौकोनी कंस, मग दिशा सांगणारं इंग्रजी अक्षर. रेंगाळणाऱ्या लाइनवर ही तिन्ही हातात हात घालून पोचली नाहीत, तर पलीकडच्या प्रोग्रॅमला वाटायचं की कुणी एस्केप दाबलं आणि नंतर दोन भलत्याच कळा दाबल्या. अनेकांना त्यापेक्षा साधी अक्षरं भरवशाची वाटत. त्यांच्यासाठी लिंक्समध्ये एच, जे, के, एल या चार कळांनी हलण्याचा पर्याय आहे. ही चार अक्षरंच का? बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास 'व्हीआय' हा संपादक लिहिला तो एडीएम-३ए या टर्मिनलवर, आणि त्या टर्मिनलवर वेगळे बाणच नव्हते. बाणांची चित्रं या चार अक्षरांच्या कळांवर छापलेली होती. ते टर्मिनल केव्हाच भंगारात गेलं. बोटांची सवय मात्र अजून तशीच आहे.

मग शंभर लिंकांचं पान आलं. सत्तराव्या लिंकवर जायला बाण सत्तर वेळा? लिंक्सकडे याचं उत्तर होतं आणि ते जुनंच होतं. पर्यायांत जाऊन 'लिंकांना आकडे' असं निवडलं की पेलोंचे चौकोनी कंस हजर. ७० टंका, एंटर मारा. दोन पिढ्या एकाच पडद्यावर नांदत होत्या. थोडं अंतर असेल तर बाण, लांबचा पल्ला असेल तर आकडा.

मॉन्टुली १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर-कंपनीच्या पहिल्या फळीत दाखल झाले. तिथल्या दोन गोष्टी लिंक्सच्या चरित्रात सांगायलाच हव्यात. एका संध्याकाळी मद्यालयात बसून गप्पा चालल्या होत्या की नेटस्केपमध्ये येणारं जवळजवळ काहीच बिचाऱ्या लिंक्समध्ये दिसणार नाही. त्यावर मॉन्टुली थट्टेनं म्हणाले, अक्षरांची उघडझाप तेवढी दिसेल. सकाळी ऑफिसात येऊन पाहतात तर रात्रीतून एका सहकाऱ्यानं ती उघडझाप ब्राउझरात घालूनही टाकलेली. नव्वदच्या दशकातल्या वेबपानांवर जे शब्द डोळे दुखेपर्यंत लुकलुकत होते त्यांचा उगम हा. दुसरी गोष्ट कुकीची. ब्राउझरात खूण ठेवून जाणाऱ्या कुकीचे जनक मॉन्टुलीच. आणि लिंक्स? तो आजही कुकी आली की दारात अडवून विचारतो, घेऊ का? हो, नाही, नेहमी घे, कधीच घेऊ नको. चार कळा, चार उत्तरं. आपल्याच निर्मात्याच्या शोधाची इतकी झडती दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमनं घेतली असेल असं वाटत नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमतर्फे, मुंबईसह चार महानगरांत. चित्रं दाखवणारं खातं महाग होतं. स्वस्तातलं होतं 'शेल अकाउंट', आणि विद्यार्थ्यांच्या वाट्याला बहुतकरून हेच यायचं. यात घरचा संगणक म्हणजे नुसतं टर्मिनल. प्रोग्रॅम सगळे पलीकडे, निगमच्या युनिक्स यंत्रावर चालायचे. अशा खात्यावर वेब बघायची म्हणजे लिंक्स. तेव्हा ज्यांनी घरातला फोन अडवून, मोडेमची किरकिर ऐकत पहिलं वेबपान पाहिलं त्यांतल्या पुष्कळांना ते चारच बाणांनी दिसलं. चित्राच्या जागी कंसात 'इनलाइन' एवढा शब्द.

त्या पडद्यावर मराठी नव्हती. लिंक्सचा दोष यात थोडा, चौकटीचा जास्त. प्रत्येक अक्षराला एक रकाना, हा टर्मिनलचा पायाच आहे. रोमन लिपी त्यात चपखल बसते. 'क्षि' लिहायला मात्र युनिकोडच्या हिशेबानं चार चिन्हं लागतात, क, हलन्त, ष आणि वेलांटी. त्यातली वेलांटी उच्चारात शेवटी आणि लिहिण्यात सगळ्यांच्या आधी. या जोडअक्षराला रकाने द्यायचे किती? आजही देवनागरी मजकूर टर्मिनलात उघडला तर पुष्कळदा ओळ विस्कटते, कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे असा प्रकार होतो. शिवाय त्या काळातली मराठी संकेतस्थळं आपापल्या खास फाँटमध्ये किंवा सरळ चित्रांत असायची. फाँटची लिंक्समध्ये अगम्य रोमन अक्षरं व्हायची आणि चित्रांचं 'इनलाइन'.

लिंक्सचा वापर ज्यांनी गरज म्हणून केला आणि गरज सरल्यावर सोडला, त्यांच्याबरोबर आणखी एक वर्ग होता. त्याला माऊसचा बाण कधीच उपयोगाचा नव्हता. अंध वाचकाला पडद्यावर 'तिथे' जाता येत नाही, कारण 'तिथे' कुठे हे दिसत नाही. त्याला क्रम हवा. आधी हे, मग हे, मग हे. लिंक्सची पट्टी नेमकी तशी चालते, आणि मजकूर साधा असल्यानं तो वाचून दाखवणाऱ्या यंत्राला किंवा ब्रेलच्या पट्टीला तो सहज घेता येतो.

या वाटेवर पुण्याचा एक माणूस फार पुढे गेला. टी. व्ही. रामन पुण्यात जन्मले आणि वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट. गणिताची समीकरणं कानाला कशी ऐकवायची, हा त्यांच्या १९९४ च्या प्रबंधाचा विषय. १९९५ मध्ये त्यांनी 'ईमॅकस्पीक' आणलं. तोवरचे वाचक-प्रोग्रॅम पडद्यावर जे दिसतं ते डावीकडून उजवीकडे वाचून दाखवत. रामन यांचं म्हणणं असं की पडदा हा डोळ्यांसाठी केलेला अनुवाद आहे. कानासाठी मूळ मजकुरावरूनच वेगळा अनुवाद करावा. म्हणून त्यांच्या प्रणालीत लिंक आली की आवाजच बदलतो. 'लिंक' असा शब्द मध्ये घुसवून वाक्याचा चेंदामेंदा करण्याची गरज उरत नाही. टॅब दाबला की पुढची लिंक, तिच्या वेगळ्या आवाजात. लिंक्सनं जे उलट्या रंगानं केलं तेच इथे स्वरानं झालं.

इकडे चित्रांचे ब्राउझर सुसाट सुटले होते. त्यांनी वर-खालचे बाण पान सरकवायला घेतले, आणि लिंकवरून लिंकवर जायचं काम पडलं टॅबच्या गळ्यात. टॅब ही टाइपरायटरवरची, तक्त्याचे रकाने जुळवायची कळ. तिला ना दिशा, ना अंतराचं भान. पानाच्या कोडमध्ये ज्या क्रमानं लिंका लिहिल्या त्याच क्रमानं ती जाणार. पानावर त्या दिसतात कुठेही. १८ डिसेंबर १९९७ रोजी आलेल्या एचटीएमएल ४.० या वेबपानांच्या भाषेच्या आवृत्तीनं हा क्रम ठरवून देण्याची सोय केली, आणि एखाद्या लिंकला स्वतःची कळ देण्याचीही. पहिल्या सोयीचा गैरवापर झाला, दुसरी फारशी कुणी वापरली नाही. नॉर्वेच्या 'ऑपेरा'नं शिफ्ट दाबून बाण मारला की त्या दिशेच्या लिंकवर उडी, हे श्नायडरमन यांच्या पठडीतलं उत्तर दिलं होतं. चांगलं होतं, पण ऑपेराबाहेर रुजलं नाही. जपानच्या अकिनोरी इतो यांचा 'डब्ल्यू३एम' आणि चेक मिकुलाश पातोच्का यांचा, नावानं पुन्हा 'लिंक्स'च पण सरळ स्पेलिंगचा, ब्राउझर यांनी टर्मिनलात तक्ते नीट मांडून दाखवले.

१९९९ च्या मे महिन्यात वेब सर्वांना वापरता यावी यासाठीची पहिली मार्गदर्शक सूत्रं, डब्ल्यूसीएजी, प्रसिद्ध झाली. त्यातलं एक कलम गमतीचं आहे. शेजारशेजारच्या दोन लिंकांमध्ये, लिंक नसलेलं एखादं छापील चिन्ह घाला. कारण तेव्हाचे वाचक-प्रोग्रॅम एका ओळीतल्या सगळ्या लिंका एकाच दमात, एकच लांबलचक लिंक असल्यासारख्या वाचत. 'मुखपृष्ठ, आमच्याविषयी, संपर्क' या शब्दांच्या मध्ये जुन्या संकेतस्थळांवर जे उभे दंड दिसतात त्यातले पुष्कळ या कलमाचे वंशज आहेत. वाचक-प्रोग्रॅम सुधारले, कलम गेलं, दंड राहिले.

त्यानंतरची गोष्ट थोडी चिडवणारी आहे. टॅब दाबल्यावर निवडलेल्या लिंकभोवती ब्राउझर एक चौकट काढतो. ही चौकट म्हणजे लिंक्सची पट्टीच, फक्त बारीक. अनेक डिझाइनरांना ती कुरूप वाटली. २००७ च्या सुमारास एरिक मायर यांची, ब्राउझरांचे सगळे बाह्यरंग एकदा पुसून नव्याने सुरुवात करणारी, एक छोटी सीएसएस फाइल जगभर उचलली गेली. तिच्यात ही चौकटही पुसलेली होती आणि शेजारीच सूचना लिहिली होती की तिच्या जागी तुमची खूण आठवणीनं घाला. फाइल उतरवून घेणाऱ्यांनी पुसण्याचा भाग घेतला, सूचना कुणी वाचली नाही. मायर यांनी पुढच्या आवृत्तीतून तो भाग काढला, पण तोवर असंख्य संकेतस्थळांवर टॅब दाबणारा माणूस अंधारात चाचपडायला लागला होता. २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० ला स्वतंत्र कलम करावं लागलं की निवड कुठे आहे ते दिसलंच पाहिजे. २०२३ च्या २.२ आवृत्तीनं आणखी एक घातलं: ती दिसेलच, शिवाय वरच्या चिकटून राहणाऱ्या पट्ट्याखाली दडणार नाही याचीही काळजी घ्या. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि ती याच सूत्रांवर बेतलेली आहेत. सरकारी पान उघडून पहिला टॅब दाबल्यावर 'मुख्य मजकुराकडे जा' अशा अर्थाची जी लिंक वर डोकावते ती त्यातलीच. शंभर लिंकांचा मेन्यू ओलांडायला मारलेली एक उडी.

अंध वाचक आता सरसकट टॅब मारत बसत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला 'एनव्हीडीए' हा फुकट वाचक-प्रोग्रॅम भारतात पुष्कळ वापरला जातो आणि तो मराठीही वाचतो. त्यात एच दाबलं की पुढचा मथळा, के दाबलं की पुढची लिंक, व्ही दाबलं की आधी पाहिलेली लिंक. सगळ्या लिंकांची यादीही मागवता येते. आणि तिथेच मराठी संकेतस्थळांची फजिती होते. यादीत ऐकू काय येतं? 'येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. अधिक वाचा. येथे क्लिक करा.' पेलोंनी निदान प्रत्येक लिंकला वेगळा आकडा दिला होता.

तो आकडा शेवटी परत आलाच. २००७ मध्ये मार्टिन श्टुबनश्रॉट यांचं 'व्हिम्परेटर' फायरफॉक्सवर आलं. एफ दाबलं की पडद्यावरच्या प्रत्येक लिंकेवर छोटा आकडा उगवतो. तो टंका, लिंक उघडते. त्यानंतरच्या 'व्हिमियम'मध्ये आकड्यांऐवजी अक्षरं आली, म्हणजे बोटांना वरच्या ओळीत जायला नको. पुढे २०१९ मध्ये ॲपलनं आपल्या संगणकांत आणि फोनांत आवाजावर चालणारी व्यवस्था दिली. ज्याचे हात चालत नाहीत असा माणूस म्हणतो, 'आकडे दाखव'. पडद्यावरच्या प्रत्येक बटणावर, प्रत्येक लिंकेवर आकडा उमटतो. तो म्हणतो, 'सात'. लिंक उघडते. दाखवता येत नसेल तर नाव घ्यावं लागतं, आणि सगळ्यांत स्वस्त नाव अजूनही आकडाच आहे.

लिंक्स ब्राउझर टॉमस डिकी यांनी वर्षानुवर्षं सांभाळलाय. २०२४ मध्येही त्याच्या नव्या आवृत्त्या आल्या. पेलोंचा लाइन मोड ब्राउझर सर्ननं २०१३ मध्ये आजच्या ब्राउझरात चालेल असा पुन्हा घडवून ठेवला आहे आणि तो कुणालाही आकडे टंकून चालवून पाहता येतो. तो पाहून झाला की एक काम करा. तुमच्या शाळेचं, बँकेचं किंवा नगरपालिकेचं संकेतस्थळ उघडा, माऊस बाजूला सारा आणि टॅब दहा वेळा दाबा. आपण कुठे आहोत ते दहाही वेळा दिसलं तर छान. नाही दिसलं, तर त्याच संकेतस्थळावरची 'संपर्क' ही लिंक शोधा, ती टॅबनं उघडते का ते पाहा, आणि मग त्यांना फोन करा.